अकरा हात

“ज्यांना तुम्ही नाही म्हणता, त्यांच्या वह्यांचं पुढे काय करता?”

हे मी विचारलं तेव्हा सभागृहात साठ-सत्तर मुलं आणि त्यांचे आईबाप बसले होते. समोर टेबलामागे परदेशातल्या कला आणि डिझाइन कॉलेजच्या बाई होत्या. प्रश्न खरं तर माझा नव्हताच. पेन्सिल आणि रेडिओ या माझ्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती. पेन्सिल काडीसारखी बारीक आहे म्हणून पेन्सिल, आणि रेडिओला बंद करायचं बटण नाही म्हणून रेडिओ. “विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर मी उचलीन,” रेडिओ कानात म्हणाली होती, “नाही विचारलंस तर तू माझं.” रेडिओच्या दप्तरात निम्मी शाळा असते. मी हात वर केला.

गेल्या वर्षापर्यंत मला हजेरीला ‘हजर’ म्हणणंही जमत नव्हतं. मग एकदा मी फळ्यावर गणिताच्या सरांचं चित्र काढलं, सर आत आले, बघून पोट धरून हसले, आणि त्या दिवशी माझी जीभ जी सुटली ती सुटलीच. आई म्हणते, आधी हिच्या तोंडून शब्द काढायला चिमटा लागायचा, आता झाकण लागतं.

बाई हसल्या नाहीत. आम्हाला समजावं म्हणून सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, “परत देते. पण आधी प्रत्येक पान बघते. आणि खरं सांगू का, ज्यांना मी नाही म्हणते, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या वह्या फार स्वच्छ असतात. नीटनेटकं काढायला आम्ही शिकवू. मला तुमच्या चुकलेल्या रेघा हव्यात. तिथे माणूस विचार करताना दिसतो.”

कार्यक्रम संपल्यावर मी गर्दीतून कोपरं मारत पुढे गेले आणि माझी वही त्यांच्यापुढे ठेवली. दोन-चार पानं उलटून त्या थांबल्या. त्या पानावर अकरा हात होते. सगळे एकाच माणसाचे, एकावर एक चढलेले, खोडलेले, पुन्हा काढलेले. एका कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग.

“कोणाचे हात?”

“माझ्या बाबांचे.”

“अंगठा जमत नाहीये तुला.”

“नाही जमत,” मी म्हटलं.

“अकरा वेळा नाही जमला. तरी सोडला नाहीस.” त्यांनी एक फॉर्म माझ्या हातात दिला. “बुधवारी संध्याकाळी मी वह्या घेऊन निघणार. तुझी वही मला हवी आहे.”

फॉर्मवर अटी होत्या. वही चाळीस पानांची, एकही पान फाडलेलं नको. शेवटी एक ओळ छापलेली: ‘या वहीतली प्रत्येक रेघ माझी आहे.’ त्याखाली सहीची जागा. घरी येईपर्यंत मी ती सही हवेत बोटानं वीस वेळा करून बघितली.

घरी आई कपडे बदलत होती. आई बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करते, त्यामुळे आमच्या घरात कुठलीच गोष्ट हळू सांगितली जात नाही. “लक्ष द्या, लक्ष द्या,” मी दारातूनच ओरडले, “फलाट क्रमांक एकवरची मुलगी परदेशी निघाली आहे.”

“आधी चपला काढ,” आई म्हणाली, “मग नीघ.”

जेवताना मी एकटीच बोलत होते. बाईंनी वही कशी हातात घेतली, शेजारच्या मुलाचे वडील कसे माझ्याकडे बघत होते, रेडिओ आता आठवडाभर कशी हमाली करणार. बाबा ऐकत होते. मध्येच म्हणाले, “वही कशी हवी म्हणाल्या? म्हणजे, द्यायची कशी?”

“ते तुम्हाला नाही कळायचं, बाबा,” मी घास चावता चावता म्हटलं. “वेगळं असतं ते.”

“बरं,” बाबा म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, “कधी द्यायची आहे?”

“बुधवारी.”

“बरं.”

मला माझं ते ‘तुम्हाला नाही कळायचं’ आठवतं, आणि त्या वेळी माझ्या बोटाला काय लागलेलं होतं तेही आठवतं. मी ते किती सहज बोलले, एवढंच मला नंतर कोणाला नीट सांगता आलं नाही.

बाबा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ट्रेसर होते. इंजिनिअर पेन्सिलीनं कच्चा नकाशा काढतो. त्यावर पारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि खालची एकेक रेघ शाईनं वर उतरवायची, हे बाबांचं काम. तीस वर्षं. गावातल्या कुठल्याही नळाखालून पाइप कुठून कुठे गेला आहे हे बाबांच्या हातून गेलेलं आहे. चूक झाली तर दाढीच्या पात्यानं शाई खरवडायची, आणि मग ती जागा नखानं घासून गुळगुळीत करायची, नाहीतर पुढची रेघ फुटते. बाबांच्या उजव्या अंगठ्याचं नख त्यामुळे एका बाजूनं झिजलेलं आहे. नकाशाच्या कोपऱ्यात चार चौकटी असतात: आखणी, ट्रेस, तपासणी, मंजुरी. पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीत लांबलचक सह्या. दुसरीत बाबांची दोन अक्षरं, मुंगीएवढी.

“कागदावर हात दिसता कामा नये,” हे बाबांचं एकमेव तत्त्वज्ञान. ते सांगायचे, साहेबाच्या टेबलावर कच्चं काही जात नाही.

शाळा सुटल्यावर मी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसत असे, आईची पाळी संपेपर्यंत. खोलीत उतरत्या फळीचं मोठं टेबल, वर सरकणारी पट्टी, खिडकीला जाळी, आणि ऊन आलं की शाईचा वास. मी स्टुलावर बसून त्यांचा हात काढायचे. त्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे, कारण ते मान वर करत नसत. अशी वर्षभरात चाळीस पानं भरली. गेल्या महिन्यात ती खोलीच बंद झाली. नकाशे आता कॉम्प्युटरवर होतात. टेबल दारातून निघेना म्हणून त्याचे पाय करवतीनं कापावे लागले. बाबांना आवक-जावक टेबलावर बसवलं. आता ते आलेल्या पत्रांवर तारखेचा शिक्का मारतात.

रविवारी मी दिवसभर रेडिओच्या घरी होते. वही पसंत पडली की मुलाखत असते, तिची तयारी चालली होती. रेडिओ तिच्या आजोबांचा चष्मा लावून विचारत होती, “आपण आमच्याच देशात का येऊ इच्छिता?” मी म्हणत होते, “कारण तिथे तू नाहीस.” पेन्सिल गुण देत होती. संध्याकाळी घरी आले तर बाबा मोरीत बोटं घासत उभे होते. काहीतरी गुणगुणत होते, बेसूर.

“वही जागेवर ठेवली आहे,” ते म्हणाले.

“हं,” मी म्हटलं, आणि फोन घेऊन गच्चीवर गेले.

सोमवारी मधल्या सुट्टीत पेन्सिल म्हणाली, “दाखव ना तुझे ते नशीबवान अंगठे.” मी वही उघडली. पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं, आणि मग भराभर शेवटपर्यंत.

“ही कोणाची वही आहे?” पेन्सिलनं विचारलं.

प्रत्येक पानाला बारीक शाईचा समास आखलेला होता. माझ्या सगळ्या चाचपडणाऱ्या रेघा गेल्या होत्या. जिथे मी एक मनगट काढायला सात रेघा मारल्या होत्या, तिथे एकच होती, सलग, कुठेही न थांबलेली. कागद कुठेही खरबरीत झाला नव्हता. चहाचा डागसुद्धा खरवडून घासून काढलेला. अकरा हातांच्या पानावर एक हात होता. सुंदर होता. अंगठा अगदी बरोबर.

प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात दोन चौकटी होत्या. ‘आखणी’ या चौकटीत माझं नाव, छापल्यासारख्या अक्षरात. ‘ट्रेस’ ही चौकट रिकामी.

रेडिओनं वही माझ्या हातातून घेतली आणि मिटून ठेवली.

संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले, डबा काढून ठेवला आणि लहान मुलासारखं विचारलं, “बघितलीस?”

“काय केलंत तुम्ही हे?”

“अगं, तिकडच्या लोकांपुढे जायची वही. मळकी कशी द्यायची? सकाळी आठला बसलो, सहा वाजले. तुझी एकही रेघ बदललेली नाही हं. तुझ्याच रेघांतली जी बरोबर होती, तेवढी ठेवली.”

“त्यांना चुकलेल्याच हव्या होत्या.”

“चुकलेल्या?” बाबांनी आईकडे बघितलं, जणू आई भाषांतर करून देईल. “चुकलेल्या कशाला हव्यात कोणाला?”

इथे मी थांबायला हवं होतं. एक वर्षापूर्वी थांबले असते, कारण तेव्हा मला बोलताच येत नव्हतं. पण मला आता सभागृहात हात वर करून बोलता येत होतं, शब्द कसे लागतात ते कळत होतं, आणि कुठे लागतात तेही.

“तीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्यात, बाबा,” मी म्हटलं. “तुमची स्वतःची एक तरी रेघ आहे का कुठे?”

बाबांनी खरोखर विचार केला. प्रश्न ऑफिसातून आल्यासारखा.

“नाही,” ते म्हणाले. मग बाहेर जाऊन दोरीवरचे कपडे काढायला लागले. वाळले नव्हते तेही काढले.

आई तिच्या घोषणेच्या आवाजात बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हळू बोलली. “मला तरी कुठे सांगितलंस तू? बाईंना वही आवडली, एवढंच म्हणालीस. आणि बाबांनी विचारलं, तर काय उत्तर दिलंस ते आठवतंय ना?”

“आठवतंय.”

“दुसरी-तिसरीत तुझा आवाज फुटायचा नाही. वर्गातल्या बाई गैरहजेरी मांडायच्या. हा माणूस दर सोमवारी ऑफिसला उशीर करून शाळेत जायचा, खिडकीतून सांगायचा, ती हजर आहे हो, फक्त आवाज येत नाही.” आईनं ओले कपडे पुन्हा उचलले आणि दोरीकडे निघाली. “तू विसरलीस. चालायचंच.”

मी विसरले नव्हते. मला ते कोणी सांगितलंच नव्हतं.

मंगळवारी शाळेत आमची तातडीची सभा भरली. रेडिओनं उपाय काढला. “नवी वही घे आणि मुद्दाम चूक. त्यात काय आहे? मी मदत करते, माझा हात त्यात बसलेला आहे.”

मी खरंच बसले. कच्च्या वहीत एक हात काढला आणि मग त्याच्याभोवती चुकलेल्या रेघा मारायला लागले. पेन्सिल बघत होती. “कसंतरीच दिसतंय,” ती शेवटी म्हणाली. “नाटकात मिशी चिकटवतात ना, तसं.” बरोबर होतं तिचं. चुकायचं ठरवून काढलेली रेघ आधीच ठरलेली असते. ती कुठे जायचं ते शोधत नसते.

“मग बाईंना सांग ना सरळ,” रेडिओ म्हणाली. “बाबांनी केलं म्हणावं. त्यांनी पाहिली आहे वही, त्यांना माहीत आहे.”

“काय सांगू? चाळीस पानांत माझं काय उरलंय?” मी फॉर्म उघडून ती ओळ तिच्यापुढे धरली. रेडिओनं ती मोठ्यानं वाचली. मग घडी करून फॉर्म माझ्या दप्तरात ठेवला आणि दप्तर खांद्याला लावलं. पैजेचा आठवडा अजून चालू होता.

घरी आले तेव्हा बाबा जेवणाच्या टेबलाशी बसलेले होते. अर्धी रजा टाकून आले होते. टेबल पुसलेलं, समोर काही नाही. उजवा हात टेबलावर ठेवलेला, सगळी बोटं पसरून.

“मला वाटलं,” ते म्हणाले, “एक दिवस आहे अजून. तू काढ. मी हलत नाही.”

मी नवी वही घेऊन समोर बसले. काढायला लागले. पण तो हात पासपोर्टच्या फोटोसारखा बसला होता. त्या खोलीतला हात असा नव्हता. तो सतत काहीतरी करत असायचा, पट्टी दाबून धरायचा, पेन झटकायचा, नखानं कागद घासायचा. हा नुसता ठेवलेला होता, जसं आपण एखादी वस्तू परत करायला काउंटरवर ठेवतो.

“बाबा, काहीतरी करा ना हातानं.”

“काय करू?”

मी त्यांचं पेन आणून दिलं. कपाटावर ट्रेसिंग कागदाची सुरळी होती, ऑफिसातून येताना आणलेली शेवटची, तीही काढली. एक तुकडा कापून त्यांच्यापुढे ठेवला.

बाबांनी सवयीनं कागदावरून तळवा फिरवला. पेनाचं टोपण काढलं. आणि मग थांबले.

“खाली काय ठेवू?” त्यांनी विचारलं.

मला आधी कळलं नाही. मग कळलं. खाली काही नसेल तर त्यांना काढता येत नव्हतं. काल मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते टेबलावर ठेवून बसले होते, पेन हातात धरून, आणि त्यात त्यांना काही लाजिरवाणंही वाटत नव्हतं. फक्त खाली काय ठेवायचं एवढंच विचारत होते.

मी माझी जुनी वही आणली आणि अकरा हातांचं पान उघडून कागदाखाली सरकवलं. आता एक हात असलेलं पान. दुसरं काही सुचलं नाही.

बाबा गिरवायला वाकले. आणि पुन्हा थांबले. त्यांनी कागद बाजूला केला, वही उचलली, खिडकीपाशी नेली आणि डोळ्यांसमोर आडवी धरली. खिडकीतून उतरतं ऊन येत होतं. त्यांनी वही थोडी इकडे तिरपी केली, थोडी तिकडे.

“सगळे आहेत,” ते म्हणाले.

“काय?”

“तुझे हात. तू पेन्सिल दाबून लिहितेस, लहानपणापासून. पुसलं तरी कागद दबलेला राहतो. हे बघ. हा एक. हा त्याच्या वर. इथे तू अंगठा आखूड काढला होतास.”

मला काही दिसत नव्हतं. पांढरा कागद दिसत होता. बाबांनी माझं बोट धरून कागदावरून फिरवलं, आणि मग बोटाला लागलं. केसाएवढी खाच.

ते पुन्हा येऊन बसले. वहीखाली दोन पुस्तकं घालून ऊन तिरपं येईल अशी ती ठेवली, वर कागद लावला, चार बाजूंना चिकटपट्टी. आणि एकेक खाच नखानं चाचपत गिरवायला लागले. त्यांची एकसंध, सुंदर रेघ नाही. माझी. जिथे मी अडखळले होते तिथे अडखळत, जिथे मी चुकून बाहेर गेले होते तिथे बाहेर जात. मध्येच “अरेच्चा, इथे तू रागावली होतीस” असं स्वतःशीच पुटपुटत. दुसरा हात आला. तिसरा आला. पट्टी नव्हती, तर डाव्या तळव्यानं कागद दाबून धरला होता. शाई जास्त उतरली तेव्हा पेन झटकलं, तसंच, खोलीतल्यासारखं.

मी नवी वही पुढे ओढली आणि तो हात काढायला लागले.

आई कामावरून आली तेव्हा आम्ही दोघं मान खाली घालून बसलो होतो. ती पर्स न ठेवता तशीच उभी राहिली. टेबलावर ट्रेसिंगच्या कागदावर नऊ हात झाले होते, दोन राहिले होते. कोपऱ्यात बाबांनी चौकटी आखल्या होत्या. ‘आखणी’मध्ये माझं नाव. ‘ट्रेस’मध्ये त्यांची दोन अक्षरं, मुंगीएवढी.

“उद्या चालेल का हे?” आईनं हळूच विचारलं. “दाखवता येईल का त्यांना?”

बाबांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, कागदाकडेच बघत राहिले, पण ऐकत होते. फॉर्म माझ्या दप्तरात होता, दोन घड्या घातलेला.

“मी उद्या वही देणार नाहीये,” मी म्हटलं. “यंदा नाही. त्या ओळीखाली मला सही करता येणार नाही. पुढच्या वर्षी जाईन, नवी वही घेऊन. हे तिचं पहिलं पान आहे, अजून एकोणचाळीस करायची आहेत, आणि ती इथेच, या टेबलावर होणार. आणि बाबा, तुम्ही थांबू नका. मला अंगठा अजून जमलेला नाही.”